राऊतबाईंचा पहिला हात

राऊतबाई रिटायर झाल्यापासून आमच्या लॅबमध्ये कोणी कोणाच्या डब्याचं झाकण उघडत नाही. आपापला डबा, आपापला कोपरा आणि हातात आपापला मोबाइल. बाई होत्या तेव्हा हे असं चालायचंच नाही. जेवणाची सुट्टी झाली की त्या आधी टेबलावरचे सगळे डबे उघडायला लावायच्या, एकेकात डोकावायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, आता घ्या. तुमी आधी." सगळ्यांचं घेऊन झालं की उरलेलं स्वतः घ्यायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, भाजी आहे हो, बॉम्ब नाही." तर म्हणतात, "ओ साळवी, झाकलेलं काय असलं ना, माझ्या पोटात गोळा येतो. दिसलं की बरं वाटतं. मग ती शेपू का असेना!"

आमची कंपनी तारापूर एमआयडीसीतली. बाई क्वालिटीच्या लॅबमध्ये माझ्या समोरच्या टेबलावर. मी सालवडला राहतो, चालत येतो. त्या पालघरहून कंपनीच्या बसने यायच्या. बारीक अंगकाठी, घट्ट वेणी, वेणीत जाईचा गजरा, आणि पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. आल्या आल्या त्या लॅबमधली सगळी कपाटं उघडून बघायच्या. काय शोधता म्हणून विचारलं तर "काय नाय, सगळं जागेवर हाय ना" एवढंच. त्यांच्या हाताखालून गेलेली बॅच कधी परत आली नाही, पण त्यापायी आम्हाला जो ताप व्हायचा त्याचं काय सांगू! रिपोर्टवर सही करायला त्यांचं पेन उचललेलंच असायचं आणि टेकत नसायचं. "तुमी बघा आधी. तुमी सही करा, मग मी करते."

एका वर्षी आम्ही त्यांच्या वाढदिवसाचा घाट घातला. केक आणून सॅम्पलच्या फ्रिजमागे दडवला आणि सगळे गुपचूप बसून राहिलो. बाई आत आल्या. आम्ही सगळे गप्प, एकमेकांकडे बघतोय. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि मटकन स्टुलावर बसल्या. "कोण गेलं?" म्हणाल्या. "सांगा लवकर. आत्या गेली काय?" केक कापायचा राहिला बाजूला, आम्ही त्यांना साखरपाणी देत बसलो. पुढच्या वर्षापासून आम्ही त्यांना आदल्या दिवशीच सांगायचो की उद्या तुमचा वाढदिवस अचानक साजरा होणार आहे. मग त्या इतक्या छान दचकायच्या की साहेबांनाही खरं वाटायचं.

ही आत्या म्हणजे बाईंच्या वडिलांची बहीण. सगळे तिला बायआत्याच म्हणतात. दातिवऱ्याच्या वाटेवर बाईंच्या माहेरची नारळ-सुपारीची वाडी आहे, तिच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. वय झालंय, एका कानाने ऐकू येत नाही, पण पाण्याचा पाट कोणत्या झाडाकडे केव्हा वळवायचा ते तिलाच कळतं. बाईंची आई लवकर गेली. बाईंना आणि त्यांच्या थोरल्या भावाला, भालूदादाला, या आत्यानेच वाढवलं. बाईंचा दर रविवार तिच्याकडे जायचा आणि सोमवारी आम्हाला ओल्या नारळाची करंजी मिळायची.

"तुमी आधी" हा बाईंचा मंत्र. बसमध्ये चढताना तुमी आधी, लिफ्टमध्ये तुमी आधी, साहेबांकडे रजा मागायला जायचं तर तुमी आधी. मला कितीतरी दिवस वाटायचं, ही बाई भित्री आहे आणि पुढच्याला ढाल करते. मग एकदा शेजारच्या कुठल्याशा कारखान्यात वायू सुटल्याचा भोंगा वाजला आणि डोळ्यांत चरचरायला लागलं. गेटकडे पळायचं हे सगळ्यांना पाठ. बाई दारात उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावला, आणि एकेकाला पाठीवर हात देऊन बाहेर ढकलत होत्या. "तुमी आधी, तुमी आधी, चला, चला!" आम्ही सगळे बाहेर मैदानात आलो तेव्हा सगळ्यांत शेवटी त्या आल्या, डोळे लाल. मी ओरडलोच. "अहो बाई, अशा वेळी तरी आधी निघायचं!" तर म्हणाल्या, "मागे राहिलं की पुढच्याचं काय होतं ते दिसतं ओ. पुढे गेलं की पाठीमागे काय चाललंय ते कळत नाय. माझा जीव नाय राहत."

आता पत्त्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्या प्लँटवर दुबे नावाचा ऑपरेटर होता, हसरा आणि बडबड्या. तो जेवणाच्या सुट्टीत कँटीनला पत्त्यांचा कॅट घेऊन यायचा. साहेबांनी एकदा बघितलं आणि तंबी दिली, कंपनीत जुगार चालणार नाही. दुबेने तोंड पाडलं. तेव्हा बाई, ज्या साहेबांसमोर कधी तोंड उघडत नसत, त्या म्हणाल्या, "साहेब, पानं सगळी उघडी ठेवून खेळलं तर? जुगारात पान झाकतात. उघड्यावर कसला जुगार?" साहेब तसेच निघून गेले. दुबे खूश. "उघड्या पत्त्यांचाही एक खेळ आहे, मैडम. पोकरच, पर सब खुला." म्हणाला.

खेळ असा. बावन्नही पानं टेबलावर तोंड वर करून पसरायची. पहिल्याने त्यातली हवी ती पाच उचलायची. उरलेल्यातून दुसऱ्याने पाच. मग पहिल्याला एक संधी: हातातली नको ती पानं टाकायची आणि टेबलावरची तेवढीच घ्यायची. टाकलेलं पान मेलं, ते परत कोणालाच नाही. मग तशीच संधी दुसऱ्याला. ज्याचा हात भारी तो जिंकला, आणि दोघांचे हात सारखे निघाले तर दुसरा जिंकला. भारीत भारी हात म्हणजे एकाच जातीची सलग पाच पानं, आणि त्यातली सर्वांत वरची रांग म्हणजे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी.

तर व्हायचं काय, पहिला माणूस झडप घालून इस्पिकची ती वरची रांग उचलायचा. दुसरा शांतपणे बदामची तीच रांग उचलायचा. हात सारखे, दुसरा जिंकला! सगळे पत्ते डोळ्यांसमोर, नशीब नाही, लबाडी नाही, तरी पहिला हरायचा म्हणजे हरायचाच. बाईंना हा खेळ इतका आवडला की काय सांगू. रोज "तुमी आधी" म्हणायचं आणि रोज जिंकायचं. जन्मभर जी खोड म्हणून लोकांनी चिडवलं तीच इथे हुशारी ठरत होती. पैसे वगैरे काही नाही, हरणाऱ्याने चहाचे कप उचलायचे. पण त्यांच्या तोंडावर जे समाधान असायचं ते मी तरी आधी कधी बघितलं नव्हतं.

ते दुबेला बघवेना. एक दिवस म्हणाला, "मैडम, हमेशा बाद में! एक बार पहले लेके दिखाइए ना." बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. बाईंचा चेहरा उतरला. "आज नको," म्हणाल्या आणि कप स्वतःच उचलून गेल्या.

झालं, त्या दिवसापासून बाईंना चैन पडेना. "सगळं दिसतंय साळवी, मग पहिला हरतो कसा? म्हणजे आपल्याला दिसत असूनही काय तरी दिसत नाय." पर्समध्ये कॅट ठेवायला लागल्या. टायट्रेशन चालू असताना शेजारी पानं मांडायच्या. एकदा ब्युरेटचा नळ तसाच चालू राहिला आणि फ्लास्कमधला फिका गुलाबी रंग चांगला डाळिंबासारखा झाला. राऊतबाईंच्या हातून! आम्ही सगळे धावत बघायला आलो. त्यांनी सॅम्पल ओतून दिलं, पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि मला कुजबुजल्या, "दश्श्या."

"काय?"

"काय नाय. दुपारी या."

दुपारी कँटीनला त्या खुर्चीवर बसल्या आणि दुबेला म्हणाल्या, "मी आधी." बाईंनी हात पुढे केला, आणि एक्का नाही, राजा नाही, चारही दश्श्या उचलल्या. वर एक किलवरची दुर्री. दुबे हसायला लागला. "चार दस्से? बस?" मग तो जरा सावध झाला. बाईंच्या हातात दश्शी आहे, म्हणजे पुढच्या खेपेला त्या वरची रांग पुरी करतील, ते अडवायला हवं. म्हणून त्याने चारही एक्के उचलले आणि बदामचा राजा. आता कुणाच्याच हाती वरची रांग जायची नाही. बाईंनी तीन दश्श्या आणि दुर्री टाकली, किलवरची दश्शी ठेवली, आणि टेबलावरून किलवरचा राजा, राणी, गुलाम आणि नव्वी घेतली. सलग पाच.

दुबे टेबलावर वाकून शोधत राहिला. नव्वीच्या वरची कुठलीही सलग पाच पानं लावायला गेलं की मध्ये दश्शी लागते. तीन दश्श्या मेलेल्या, चौथी बाईंच्या हातात. "अरे, कुछ बनता ही नहीं!" तो म्हणाला आणि त्याने कानाला हात लावले.

"पहिल्याने चांगलं दिसेल ते उचलायचं नसतं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं ज्याच्यावाचून अडेल ते उचलायचं."

सगळे त्यांचं कौतुक करत होते आणि ही बाई टेबलाखाली हात चोळत बसलेली. मी म्हटलं, आता काय झालं? तर म्हणाल्या, "आधी बरं होतं ओ. पहिला हरतोच म्हटल्यावर दोष कोणाचाच नव्हता. आता पहिला हरला तर त्याची चूक." मी कपाळाला हात लावला. एखाद्याला जिंकून पण काळजी लागावी, म्हणजे कमालच झाली!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाडीच्या वाटणीचं निघालं.

भालूदादा वसईला असतो. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. कधी बहिणीला भेटायला लॅबच्या गेटवर यायचा तर आमच्यासाठीही कोलंबी घेऊन यायचा. त्याला वाडीतला आपला हिस्सा विकायचा होता. रस्त्याला लागून बंगले बांधणारा कोणी माणूस त्याला भेटला होता आणि त्या माणसाला जमलं तर सगळीच वाडी हवी होती. "आत्याला मी वसईला नेतो," असं दादा फोनवर म्हणाला. "फ्लॅट मोठा हाय. लिफ्ट हाय." बाईंनी फोन ठेवला आणि माझ्यासमोर ढसाढसा रडल्या. "साळवी, ती आठ दिवस काढायची नाय तिथे. तिला उठल्यावर पायाखाली माती लागते. चौथ्या मजल्यावर ती काय करणार? खिडकीत बसून मरायची."

त्यांच्या घरातली वाटणीची रीत अशी: थोरल्याने तुकडे पाडायचे, धाकट्याने पहिला हात घालायचा, मग आळीपाळीने एकेक उचलायचा. दादाने चार तुकडे पाडले होते. रस्त्याला लागून दोन, चांगले मोठे. त्यांच्या मागे आडवा पसरलेला मधला तुकडा, त्यात विहीर, आणि विहिरीपासून रस्त्यापर्यंत जाणारी बैलगाडीची वाटही त्यातच धरलेली. आणि सगळ्यात मागे आत्याचं घर. वाडी सगळ्यांनी लहानपणापासून पायाखाली घातलेली, कुठे काय आहे ते पंचांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत. झाकलेलं काहीच नव्हतं.

मला वाटलं, सोपं आहे. "बाई, पहिला हात तुमचा ना? मग घराचा तुकडा उचला आणि मोकळ्या व्हा."

"आणि त्याने विहीर उचलली म्हणजे?" बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर चार टेस्ट ट्यूबची स्टँडं मांडली होती, तीच वाडी. "घर माझं, पण पाणी त्याचं, वाट त्याची. मग त्याचा तो बंगलेवाला वाट बंद करणार. आत्या काय हवेतून येणार-जाणार?"

"कायद्याने वाट मिळते, बाई."

"मिळते ना. कोर्टात जाऊन मिळते. तोवर आत्या राहायला हवी ना!"

मग त्यांनी मधलं स्टँड स्वतःकडे ओढलं. विहीर आणि वाट आधी घ्यायची. मग दादा रस्त्याचा तुकडा उचलेल, आपण घर उचलायचं, आणि रस्त्याचा दुसराही त्याला जाईल. त्याला दोन्ही रस्त्याचे, जोडीने, विकायला मोकळे. किंमत त्याच्याकडे जास्त गेली तर जाऊ दे. आणि त्याने मध्येच घर उचललं, तर त्याच्याकडे बिनवाटेचा, बिनपाण्याचा तुकडा राहणार. बंगलेवाला तो हुंगणार पण नाही. म्हणजे त्याने शहाणपणाने घर सोडायलाच हवं.

"झालं तर मग!" मी म्हटलं. "चार दश्श्या!"

"काय झालं?" त्या माझ्यावर डाफरल्या. "तो शहाणपणाने कशावरून वागेल? आत्याने त्यालाही वाढवलंय ना. त्याला तिचं घर हवंसं वाटलं, मायेने उचललं, तर? मायेला काय हिशेब असतो?"

मी सुचवलं की दादाशी एकदा बोलून घ्या. सरळ सांगा, घर मला हवंय, आत्याला तिथेच ठेवायचंय. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी ॲसिडमध्ये पाणी ओततोय. "आणि नाय म्हणाला म्हणजे? माझ्या मनात काय ते एकदा कळलं की तो आधीच बांध घालणार. नाय नाय. बोलायचं नाय." नवऱ्याला त्यांनी विचारलं, मला विचारलं, दुबेला विचारलं, कँटीनमध्ये वाढणाऱ्या बाईला विचारलं. भावाला तेवढं विचारलं नाही.

वाटणीच्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं. त्यांचे मिस्टर, राऊत, होतेच, पण ते मुखदुर्बळ. बसमध्ये बाई मला म्हणाल्या, "तुमी फक्त समोर बसा. माझ्या तोंडातून 'तू आधी' निघायला लागलं की जोरात खोका. माझा भरवसा नाय."

वाडीत पोचलो. आत्या अंगणात शहाळी सोलत होती, तिला काय चाललंय ते अर्धंच कळत होतं. ओट्यावर गावातले एक म्हातारे मास्तर पंच म्हणून बसले होते. दादा आला, त्याने आत्याच्या पाया पडून तिच्या हातात जिलेबीचा पुडा दिला, बहिणीच्या डोक्यावर टपली मारली. सगळं इतकं प्रेमाचं चाललेलं, आणि माझ्या पोटात मात्र बाईंचा गोळा आलेला.

मास्तर म्हणाले, "चला, धाकटीचा हात पहिला."

बाई उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात दादा हसत म्हणाला, "शैले, तुला आधी घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो, मला काय माहीत नाय? लहानपणी चिंच पण आधी उचलायची नायस. राहू दे. मी घेऊ आधी? मास्तर, चालेल ना?"

"दोघांचं मत असेल तर चालायला काय झालं," मास्तर म्हणाले.

त्याने ते प्रेमाने म्हटलं की मुद्दाम, देव जाणे. बाईंचं तोंड उघडलं. मला दिसत होतं, तो शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, जन्मभराची सवय ती. "तू..." म्हणाल्या. मी खोकलो. असा खोकलो की आत्याने, जिला ऐकू येत नाही तिने, मान वर करून मला पाणी हवं का विचारलं.

"तू... तू बस, दादा," बाई म्हणाल्या. "मी घेते. मधला. विहिरीचा."

"विहीर?" दादाने मास्तरांकडे बघून हसत डोळे फिरवले. "वेडी काय तू? रस्त्याचा घे की!"

"विहीरच."

मग दादाची पाळी. तो उठला, कमरेवर हात ठेवून वाडीकडे बघत उभा राहिला. रस्त्याकडे बघितलं. मग मागे, घराकडे. आत्या उंबऱ्यात बसून त्याने आणलेली जिलेबी मोडून खात होती. तो तिच्याकडे किती वेळ बघत होता कोण जाणे. बाईंनी राऊतांची बाही गच्च धरली होती. सगळी वाडी समोर उघडी, पण त्या माणसाच्या मनात काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं.

"रस्त्याचा. हा उत्तरेचा," दादा म्हणाला.

"घर!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "मला घर."

आणि मग उरलेला रस्त्याचा तुकडा दादाचा. संपलं. मास्तर म्हणाले, छान झालं, भांडण नाही तंटा नाही. राऊतांनी शहाळं फोडलं. बाई ओट्यावर बसल्या आणि पदराने तोंड पुसायला लागल्या. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

दादा मात्र तसाच उभा होता. त्याच्या डोक्यात गोष्ट जुळत चालली होती ते दिसत होतं: विहीर, वाट, मग घर. त्याचा चेहरा हळूहळू पडला. तो बहिणीसमोर येऊन बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुला घर हवं होतं, शैले? मग मागायचंस ना. मी काय नाय म्हटलं असतं?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"माझ्याशी डाव खेळलीस," तो म्हणाला. "परक्याशी खेळावा तसा." बाईंनी सकाळी उठून करून आणलेलं जेवण आत झाकून ठेवलेलं होतं. तो घोटभर पाणी प्यायला, आत्याच्या पाया पडला आणि निघून गेला. पुढचे कागद राऊतांनी जाऊन पुरे केले. आत्या जिथल्या तिथे राहिली.

मला वाटलं होतं, आता तरी ही बाई सुखाने जेवेल. कसचं काय! रिटायर होईपर्यंत त्या मला एकच विचारत राहिल्या. सॅम्पल ढवळताना, हात धुताना, बसची वाट बघताना. "साळवी, दिलं असतं का ओ त्याने? मी मागितलं असतं तर?" मी कधी चिडून म्हणायचो, "नसतं दिलं! बोलायला काय जातंय." मग त्या दुखवल्यासारख्या व्हायच्या. "असं नका म्हणू. तसा नाय ओ तो." मग दुसऱ्या दिवशी मी म्हणायचो, "दिलं असतं हो, नक्की दिलं असतं," तर डोळ्यांत पाणी. "मग मी काय केलं हे?" कुठलंही उत्तर द्या, बाई रडणारच. मी पण शेवटी हात टेकले. कोलंबी घेऊन दादा पुन्हा गेटवर आला नाही. भाऊबिजेलाही आला नाही.

परवा भाऊबीज होती. नारळ घ्यायचं निमित्त करून मी वाडीवर गेलो, खरं तर बाईंना बघायला. रिटायर झाल्यापासून त्या सणासुदीला आत्याकडेच असतात. रस्त्याच्या कडेला आता उंच भिंत झाली आहे, लोखंडी फाटक, आत बंगल्यांचं काम चाललेलं. भिंतीला लागून बैलगाडीची वाट तेवढी मोकळी. आत गेलो तर विहिरीवर पंप चालू, आत्या पाटाच्या कडेने काठी टेकत चाललेली, आणि ओट्यावर रांगोळी काढून पाट मांडलेला. ओवाळायचं ताट तयार. बाई पाटासमोर बसून फोनकडे बघत होत्या.

"ही तिसरी भाऊबीज," मला बघताच त्या म्हणाल्या. "फोन लावते, उचलत नाय."

"कामात असेल."

"भाऊबिजेला कसलं काम?" त्यांनी पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. आत्या जवळ आली, पाटाकडे बघितलं, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "त्याची वाट काय बघतेस? तो रुसलाय. लहानपणापासून रुसतो. जा की तूच!"

"ओवाळायला बहीण जाते काय?"

"काय?" आत्याला ऐकू आलं नव्हतं.

बाई उठल्या. ताटावर दुसरं ताट उपडं घातलं, फडक्यात गाठ मारून बांधलं, चकल्यांचा डबा पिशवीत टाकला. पायातल्या चपला उलट्या घातल्या गेल्या, त्या सुलट केल्या. मी रस्त्यावर जाऊन स्टेशनला जाणारी रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर ते गाठोडं मांडीवर घट्ट धरून त्या मला म्हणाल्या, "दार लावून घेईल तोंडावर. बघाल तुमी."

"मग परत या."

"नाय," बाई म्हणाल्या. गाठोड्यातलं निरांजन ताटावर टकटक वाजत होतं. "परत नाय यायची. पायरीवर बसेन. आज त्याला तोंडावर विचारणार हाय, तू दिलं असतंस का. आणि तो काय म्हणेल ते खरं धरणार." एवढं म्हणून त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीला हात लावला. "चला ओ, चला, नायतर मी उतरेन."